गॅसवर चालणारे शीतकपाट : थंडावा कमी झाल्यास काय तपासावे

घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत इत्यादी रोगांवरील लसी २ ते ८ अंश सेंटिग्रेड तपमानात ठेवाव्या लागतात. उष्णतेने वा गोठल्याने निकामी झालेली लस पुष्कळदा बाहेरून ओळखू येत नाही. ती टोचूनही जनावर असुरक्षितच राहते. म्हणून वीज नसलेल्या ठिकाणी गॅसवरील शीतकपाट वापरणाऱ्यांस त्यातील सामान्य दोष ओळखता येणे अगत्याचे आहे. परदेशी प्रवासी गाड्यांतून वापरतात ती शीतकपाटेही याच तत्त्वावर चालतात.

कार्यपद्धती

हे यंत्र १९२२ साली स्वीडनमधील फॉन प्लाटेन व मुंटर्स या दोघा विद्यार्थ्यांनी शोधून काढले. त्यात मोटार नसते. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी व हायड्रोजन असतात. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया पाण्यापासून वेगळा होऊन वर चढतो, मागील नळ्यांत निवून द्रवरूप होतो व कपाटाच्या आतील नळ्यांत हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची पुन्हा वाफ होते. वाफ होताना तो कपाटातील उष्णता शोषून घेतो. पुढे पाणी त्यास सामावून घेते व चक्र पुन्हा सुरू होते. द्रव केवळ स्वतःच्या वजनाने उताराकडे वाहतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तपासणीचा क्रम

१. गॅस : सिलिंडर रिकामा नाही ना, झडप उघडी आहे ना, हे प्रथम पाहावे. सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा. सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती शोधावी. काडी पेटवून कधीही शोधू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो.

२. ज्योत : ती निळी व स्थिर असावी. पिवळी ज्योत काजळी धरते व उष्णता कमी देते. अशा वेळी गॅस बंद करून, यंत्र निवल्यावर बर्नर व धुराडे ब्रशाने साफ करावे. धुराड्यातील पिळदार पट्टी पूर्वीच्याच जागी बसवावी. गॅसच्या बारीक छिद्रात तार वा टाचणी घालू नये. छिद्र रुंदावल्यास ज्योत बिघडते.

३. कळ सोडताच ज्योत विझणे : ज्योत विझल्यास गॅस आपोआप बंद करणारा थर्मोकपल सैल झाला असेल किंवा त्याचे टोक ज्योतीत नसेल. कळ बांधून ठेवणे हा उपाय नव्हे. त्यात मोठा धोका आहे.

४. समपातळी : कपाट कलते असल्यास द्रव मध्येच अडतो व थंडावा थांबतो. आतील बर्फाच्या कप्प्यात पाणसळ ठेवून लांबी व रुंदी अशा दोन्ही दिशांनी तपासावे. कलत्या स्थितीत फार वेळ चालविल्यास यंत्र कायमचे निकामी होते.

५. हवा : मागील नळ्यांची उष्णता निघून जाण्यास मोकळी जागा हवी. धूळ झाडावी. कपाट उन्हात वा चुलीजवळ ठेवू नये.

६. दरवाजा : कागदाची पट्टी दारात धरून ओढावी. ती सहज निघाल्यास रबर बदलावे. आतील बर्फाचा जाड थर वितळवून काढावा.

दुरुस्तीनंतर लगेच निष्कर्ष काढू नये. हे यंत्र सावकाश थंड होते. एक दिवस वाट पाहावी. ज्योत व पातळी ठीक असूनही थंडावा नसेल तर आतील अभिसरण बंद पडले असे समजून जाणकार कारागिरास दाखवावे. अमोनियाचा उग्र वास किंवा नळ्यांवर पिवळे डाग दिसल्यास गॅस तत्काळ बंद करून खिडक्या उघडाव्यात व यंत्रास हात लावू नये.

लसीची दक्षता

कपाटात थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ नोंद करावी. यंत्र बंद पडताच लसी बर्फाच्या पेटीत हलवाव्यात. मात्र बाटल्या बर्फास टेकू देऊ नयेत. तपमान मर्यादेबाहेर गेले असल्यास त्या बाटल्या खूण करून वेगळ्या ठेवाव्यात आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या सल्ल्यावाचून वापरू नयेत. चार बाटल्या फुकट गेल्याची हानी भरून निघते. निकामी लसीच्या भरवशावर राहिलेल्या गोठ्यात रोग शिरला तर होणारी हानी भरून निघणे कठीण असते.