लॉनवर माती किती टाकावी?

लग्नकार्यासाठी लॉन भाड्याने देण्याच्या व्यवसायावर मंडपवाले, केटरिंगवाले, लाइटवाले अशा अनेकांची रोजी चालते. गिऱ्हाईक जागा पाहायला येते तेव्हा त्याची नजर प्रथम हिरवळीवर जाते. तेथे टक्कल पडलेले दिसले की बोलणी भाव कमी करण्यापासूनच सुरू होतात.

गवत का जाते? शेकडो माणसांची पावले, खुर्च्या आणि सामानाचे टेम्पो यांनी जमीन दबते. आपल्याकडील काळी माती फार बारीक कणांची असते. ओली असताना ती दाबली गेली की तिच्यातील हवा निघून जाते, पाणी वरच साचते आणि मुळे खोल जात नाहीत. अशा वेळी युरिया व पाणी वाढविणे हा इलाज नव्हे. जमीन मोकळी करून तिच्यावर माती-खताचा पातळ थर देणे, हाच खरा इलाज होय.

पद्धत सोपी आहे. प्रथम गवत कापून वाळलेला कचरा काढावा. गार्डन फोर्कने तीन-चार इंच खोल छिद्रे पाडावीत. धुतलेली वाळू, चांगली माती आणि पूर्ण कुजलेले खत एकत्र चाळून पसरावे व झाडूने छिद्रांत लोटावे. गवताचे शेंडे वर दिसलेच पाहिजेत. नंतर हलके पाणी द्यावे.

येथे हिशेब महत्त्वाचा आहे. दहा हजार चौरस फुटांवर पाव इंच थरासाठी सुमारे २०८ घनफूट, म्हणजे दोन ब्रासपेक्षा थोडा जास्त माल लागतो. कोणी दोन इंच टाकायला सांगितले, तर तोच माल सोळा ब्रासच्या वर जातो. पैसा आठपट जातो आणि दबलेले गवतही गुदमरते. खड्डे असतील तर एकदम न भरता दर वेळी थोडे थोडे भरावे.

तीन गोष्टी टाळाव्यात. कच्चे शेणखत नको, त्यातून तणाचे बी आणि हुमणी येते. खाडीची खारट वाळू नको. माती तपासल्याशिवाय चुना टाकू नये. काळ्या जमिनीत तो बहुधा आधीच भरपूर असतो. मातीची तपासणी कृषी विज्ञान केंद्रात करून घेता येते.

हे काम गवत वाढीला लागलेले असतानाच करावे. हरळीच्या जातीचे गवत थंडीत मंदावते. म्हणून लग्नसराई संपून पहिला पाऊस झाला की हे काम हाती घ्यावे. मात्र चिखलात नव्हे, वाफसा आल्यावर. त्यानंतर काही आठवडे लॉनला विश्रांती द्यावी आणि ओल्या लॉनवर टेम्पो कधीही चढवू देऊ नये. पावसाळ्यात तारखा नसताना केलेला हा थोडासा खर्च पुढच्या हंगामात भाव टिकवून ठेवतो.