काउंटरवरची इंग्रजी

गेल्या महिन्यात आपल्या वाङ्मय मंडळाच्या बैठकीत चर्चेला विषय होता : बाहेरून आलेल्या गिऱ्हाइकानं इंग्रजीत बोलावं, अशी अपेक्षा दुकानदारानं ठेवावी का? दोघं-तिघं तावातावानं बोलले, चहा आला आणि विषय तिथेच राहिला. "तू आबिड्सला राहतेस, तूच लिही," असं मॅडमनी सांगितलं, म्हणून हा लेख. अभ्यासलेख म्हटला की आधी संज्ञा स्पष्ट करायच्या असतात. माझी गाडी पहिल्याच संज्ञेवर अडली. 'बाहेरून आलेला' म्हणजे नेमका कोण?

आबिड्स हे नावच मुळी बाहेरून आलेल्या एका दुकानदाराचं आहे. अल्बर्ट अबिद हा आर्मेनियन माणूस सहाव्या निजामाच्या, म्हणजे मीर महबूब अली खानच्या खास तैनातीत होता. त्यानं इथे दुकान टाकलं आणि दुकानाचं नाव हळूहळू सगळ्या भागाला चिकटलं. निजाम वापरून विसरून गेलेल्या वस्तू तो दुकानात मांडायचा आणि परत निजामालाच विकायचा, अशी गोष्ट हैदराबादेत चवीनं सांगतात. खरीखोटी देव जाणे. एक मात्र नक्की, की त्या व्यवहारात परका होता तो काउंटरच्या आतला माणूस. गिऱ्हाइकानं आपल्याशी आर्मेनियनमध्ये बोलावं अशी अपेक्षा त्यानं ठेवली असती, तर आज या चौकाचं नाव दुसरंच काही असतं.

आता माझ्या आजीचं बघा. तिचा जन्म १९४७ चा, वैजापूर तालुक्यातला. तेव्हा वैजापूर हैदराबाद संस्थानात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आजी गावातून हललीच नव्हती. राज्यच तिच्या पायाखालून सरकलं. आजोबा गेल्यावर पप्पांनी तिला इकडे आणलं. आता सगळ्यांच्या लेखी ती 'महाराष्ट्रातून आलेली'. जन्माच्या हिशोबानं मात्र तिची राजधानी हेच शहर होतं.

त्या संस्थानाच्या नोटांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर तेलुगू, मराठी आणि कन्नडमध्येही किंमत छापलेली असे. यावरून निजामाच्या राज्यात मराठीचे लाड होत होते असं कुणी समजू नये. सरकारी शाळांत आणि कचेऱ्यांत उर्दूच वरचढ होती, आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. पण नोट बाजारात चालवायची, तर ती ज्याच्या हातात पडेल त्याला वाचता यायला हवी, एवढा व्यवहार त्यांना कळत होता.

बाजारानं तर याच्याही पुढची गोष्ट केली. हैदराबादी दखनी ऐका. 'नक्को' हा आपला 'नको' आहे. 'मैं इच', 'अब्बी इच' यांतला 'इच' म्हणजे आपला 'च'. अशी सरमिसळ व्हायला माणसं रोज एकमेकांशी बोलावी लागतात, आणि बाजाराइतकं रोजचं बोलणं दुसरीकडे कुठे असतं? तिथे गिऱ्हाईक दोन पावलं पुढे आलं, दुकानदार दोन पावलं पुढे आला. आजही रविवारी मिस्सा झाल्यावर मी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं बघायला जाते, तेव्हा इंग्रजीत भाव विचारला की पुस्तक महाग होतं. 'कितने कू दिये?' म्हटलं की स्वस्त होतं. फुटपाथवर इंग्रजीचा दंड बसतो.

काचेचं दार आणि एसी असला, की हे सगळं उलटं होतं.

एप्रिलमध्ये आजीच्या बीपीच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलल्या. जवळच एक नवीन, झगझगीत मेडिकल झालंय, तिथे आम्ही गेलो. मी स्कूटर लावेपर्यंत आजी आत जाऊन गोळ्या घेऊन बाहेर आलीसुद्धा. तिनं तिच्या हिंदीत विचारलं होतं, "ये गोली कब खाने की?" काउंटरवरच्या मुलानं इंग्रजीत भराभर सांगितलं : सकाळी एक, रात्री अर्धी, जुनी बंद. आजीनं मान हलवली. मी तिला विचारलं, "कळलं ना?" ती म्हणाली, "हो, कळलं." पुढचे चार दिवस तिनं जुन्या आणि नव्या दोन्ही गोळ्या घेतल्या. पाचव्या दिवशी सकाळी मोरीत चक्कर येऊन पडली. हाड मोडलं नाही, पण कपाळाला तीन टाके पडले.

"कळलं नव्हतं तर परत का नाही विचारलंस?" मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "पोरगं येवढ्या झोकात बोलत होतं, त्याला परत काय इचारायचं? अडाणी म्हणलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी तणतणत त्या मेडिकलमध्ये गेले आणि चांगल्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत भांडले. मॅनेजर बाहेर आले. मला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, दोनदा 'सॉरी मॅम' मिळालं. आणि मला ते आवडलं. हे लिहिताना लाज वाटते, पण अभ्यासलेखात पुरावा लपवू नये. आजीला जी खुर्ची मिळाली नव्हती, ती मला केवळ भाषेमुळे मिळाली आणि मी त्या खुर्चीत बसलेसुद्धा.

निघताना तो काउंटरवरचा मुलगा पायरीपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "इंग्लिशइच बोलना बोलके बोले सर. नै तो मेरे कू हिंदी आती मॅडम." त्याच्या घरी तेलुगू बोलतात. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना समजेल अशी एक भाषा तिथे हजर होती आणि तीच वापरायला बंदी होती! त्या इंग्रजीचा उपयोग समजावून सांगायला नव्हताच, दुकान मोठं आहे हे दाखवायला होता.

बैठकीत अमेरिकेचं उदाहरण कुणीतरी अर्धवट सांगितलं होतं, ते इथे पूर्ण करते. फिलाडेल्फियात जिनोज स्टेक्स नावाचं सँडविचचं प्रसिद्ध दुकान आहे. मालक जोई व्हेंटो यांनी खिडकीवर पाटी लावली : ही अमेरिका आहे, ऑर्डर देताना इंग्रजीत बोला. तक्रार शहराच्या मानवी संबंध आयोगापुढे गेली. २००८ मध्ये दोन विरुद्ध एक मतानं निकाल लागला, की ही पाटी म्हणजे भेदभाव नव्हे, कारण पाटीवर कुणाला सेवा नाकारू असं म्हटलेलं नाही. व्हेंटो यांचंही तेच म्हणणं होतं, की आम्ही कुणाला परत पाठवत नाही. त्यांचे स्वतःचे आजी-आजोबा सिसिलीहून आलेले होते आणि त्यांना इंग्रजी अवघडच जायची. पाटी शेवटी २०१६ मध्ये उतरली.

निकाल कायद्याच्या भाषेत बरोबर असेलही. आजीलाही कुणी परत पाठवलं नव्हतं. गोळ्या मिळाल्या, बिल मिळालं, पिशवीसुद्धा मिळाली. नाकारला गेला तो फक्त 'परत एकदा सांगा' म्हणायचा धीर, आणि त्याची नोंद कुठल्याच तक्रार-वहीत होत नाही.

आता विरुद्ध बाजू. वर्गातल्या एका मित्राचं म्हणणं असं, की दुकानदारानं किती भाषा शिकायच्या? ओडिया, बंगाली, मराठी, अरबी? त्यापेक्षा एक इंग्रजी सगळ्यांना समान. यात तथ्य आहे. हैदराबादेत सुदानहून शिकायला आलेल्या मुलाला मोबाईल घ्यायचा असेल, तर दुकानदाराची मोडकीतोडकी इंग्रजी म्हणजे त्याच्यावर मेहेरबानीच. पण तिथे इंग्रजी पुढे केलेली असते, मागितलेली नसते. आणि 'सगळ्यांना समान' हे काही मला पटत नाही. आबिड्समध्ये इंग्रजी मागितली की अडतात ते एकटे परप्रांतीय नाहीत. महबूबनगरहून आलेली, अस्सल इथलीच तेलुगू बाईसुद्धा अडते. २०१७ पासून उर्दू ही तेलंगणाची दुसरी राजभाषा आहे. ती बोलणाराही अडतो.

कायदा इथे कुठे कुठे बोलतो आणि कुठे कुठे गप्प बसतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँकेतले फॉर्म आणि पाट्या हिंदी, इंग्रजी आणि त्या भागाची भाषा अशा तीन भाषांत हव्यात. पाकिटबंद मालावरच्या मजकुराचे २०११ चे नियम मात्र हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी एकीवर भागवतात. बाकी भाषा हवी तर घाला, सक्ती नाही. कागदाचं हे असं. काउंटरवरच्या तोंडाचं काय, ते ज्या त्या दुकानावर.

महाराष्ट्रात आपली माणसं हाच प्रश्न उलट बाजूनं लढवतात. दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी २०२२ मध्ये कायदा दुरुस्त झाला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पाटीची मागणी मला मान्य आहे. पण २०२५ मध्ये मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली, त्या व्हिडिओखाली माझ्याच नात्यातल्या दोघांनी अंगठे उठवले. त्याच दोघांनी आजीचे टाके बघून 'हे लोक आपली भाषा बोलतच नाहीत' म्हणून हळहळ केली. दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं कशा बोलता येतात, हे मला अजून कळलेलं नाही.

आपल्या अभ्यासक्रमातल्या फादर स्टीफन्सांचा दाखला इथे देते. इंग्लंडात जन्मलेला हा माणूस १५७९ मध्ये गोव्यात आला, इथल्या भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं क्रिस्तपुराण मराठीत छापलं गेलं. सांगायचं त्याला होतं, म्हणून भाषा त्यानं शिकली. पण आपण इथेच थांबतो आणि पुढचं सांगत नाही. १६८४ मध्ये त्याच गोव्यात फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या आग्रहावरून व्हाइसरॉयनं हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. चर्च तेच, गाव तेच. लोक आधी आपल्याला हवे होते. मग आपण लोकांना हवेच आहोत, असं वाटू लागलं. दुकानांचंही असंच होत असावं.

म्हणून माझं मत असं. पुस्तक, कापड, सँडविच यांत गैरसमज झाला तर दहा-वीस रुपयांचं नुकसान. तिथे ज्याला जी येते ती भाषा बोलावी, हातवारे करावेत, भांडावं. पण औषध, कर्ज, ऑपरेशनची संमती, नोकरीचा करार अशा ठिकाणी चुकीचं समजल्याचा दंड फक्त गिऱ्हाईक भरतं. तिथे गिऱ्हाइकाकडून इंग्रजीची अपेक्षा ठेवायचा दुकानाला अधिकार नाही. त्याला कळलं की नाही, हे बघणं दुकानाचं काम. आणि मान हलवली म्हणजे कळलं, असं धरायचं नाही. हे शेवटचं मी स्वतःलाही सांगतेय, कारण 'कळलं ना?' असं विचारून मीही स्कूटर चालू केली होती.

आजी आता कोटीच्या बाजूच्या एका जुन्या मेडिकलमध्ये जाते. दुकान अंधारं आहे, फॅन कुरकुरतो. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराला मराठी येत नाही. तो प्रत्येक गोळीच्या कागदी पाकिटावर बॉलपेननं सूर्य काढतो, नाहीतर चंद्र काढतो. अर्धी गोळी असेल तर अर्धा चंद्र. मग पाकीट आजीच्या हातात देऊन म्हणतो, "अब तुम बोलो अम्मा, कब खाना?" आजी सांगते. चुकलं तर तो परत काढतो.