नान-कलिया : एका प्रवासाची खूण

छत्रपती संभाजीनगरला आलेला प्रवासी वेरूळ-अजिंठ्याची लेणी आवर्जून पाहतो. पण जुन्या शहरातील नान-कलिया चाखल्यावाचूनच पुष्कळदा परततो. मटणाच्या रश्श्यावरील लाल तवंग पाहून तो बिचकतो.

वास्तविक हा पदार्थही प्रवासीच. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. ‘कलिया’ हा शब्द ‘तळणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून आला. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस हलवली. त्या लष्करासाठी मोठमोठ्या डेगांत कलिया शिजे व तंदुरांत नान भाजले जात, असे परंपरा सांगते.

मराठवाडा मुळात ज्वारीचा. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने तिचे पीठ फुगवून रोटी करता येत नाही. भाकरी हातानेच थापावी लागते. गव्हाचे पीठ आंबवून केलेला मऊ नान म्हणूनच येथे वेगळा उठून दिसतो. राजधानी पुढे दिल्लीला परतली. नान-कलिया मात्र येथेच रुजला.

तेव्हा परगावी अनोळखी ताट समोर आले, तर नाक मुरडण्यापूर्वी ‘हे येथे कसे आले?’ एवढे विचारावे. तटबंदी सांगत नाही तो इतिहास कित्येकदा ताट सांगते.