आपल्या घरची बोली : दखनी

मुलांनो, शाळा सुटल्यावर तुम्ही घरी जाता. अम्मी जेवायला बोलावते. तुम्ही खेळण्याच्या नादात म्हणता, "अब्बी नक्को." उर्दूच्या तासाला तुम्ही हेच "अभी नहीं" असे म्हणता आणि मराठीच्या तासाला "आता नको" असे म्हणता. तिन्ही वाक्ये तुम्हांला येतात. पण वर्गात एखाद्याच्या तोंडून चुकून "मैंच जातूँ" असे निघाले, तर बाकीची मुले हसतात. तो मुलगा लाजून खाली बसतो आणि पुन्हा उत्तर द्यायला उठत नाही.

या हसण्याविषयी आज आपण थोडा विचार करू.

आपण घरी बोलतो ती बिघडलेली उर्दू नव्हे. तिचे नाव दखनी. दखन म्हणजे दक्षिण. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने देवगिरीला राजधानी केली आणि तिला दौलताबाद हे नाव दिले. दिल्लीकडील सैनिक, कारागीर, व्यापारी आणि सूफी संत दक्षिणेत आले. १३४७ साली येथे बहमनी राज्य स्थापन झाले. आलेल्यांपैकी अनेक लोक येथेच राहिले. त्यांची बोली मराठी, कन्नड व तेलुगू बोलणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये वाढली.

शेजाराची खूण भाषेत उमटतेच. "मैंच जातूँ" मधील 'च' पाहा. मराठीत आपण "मीच जातो" म्हणतो. तो 'च' मराठीचाच आहे. 'नक्को' हा शब्दही मराठी 'नको' पासून आला. "आतूँ बोल के बोल्या" या वाक्याची रचना "येतो म्हणून बोलला" या मराठी वाक्यासारखीच आहे. मात्र 'बाताँ', 'किताबाँ' ही अनेकवचने मराठीतून आलेली नाहीत. अशी रूपे पंजाबीत आढळतात. ती उत्तरेकडून आलेल्या जुन्या बोलीची आठवण आहेत.

या बोलीत मोठे साहित्य निर्माण झाले. १५९१ साली हैदराबाद वसवणारा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा दखनीत कविता करी. मुल्ला वजही याने १६३५ साली 'सबरस' हा गद्यग्रंथ लिहिला. समर्थ रामदासांच्या 'मनाच्या श्लोकां'वरून प्रेरणा घेऊन शाह तुराब यांनी दखनीत 'मन समझावन' रचले. औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) कवी वली १७०० च्या सुमारास दिल्लीला गेले. तेथील कवी तेव्हा मुख्यतः फारसीत लिहीत. वलींच्या गझला ऐकून त्यांना आपल्या बोलीत लिहिण्याची उमेद आली.

दखनी सगळीकडे एकसारखी नाही. सेलूच्या स्टेशनवरून परभणी, नांदेडमार्गे हैदराबादला जा. तेथे 'परसों' म्हणजे केवळ परवा नव्हे. गेल्या काही दिवसांतला कोणताही दिवस! तेथील दखनीवर तेलुगूची छाया आहे. कर्नाटकातील दखनीत कन्नड शब्द भेटतात. पण 'नक्को' मात्र हैदराबादेतही ऐकू येतो आणि बंगळुरातही. आपला मराठी 'नको' किती दूर गेला पाहा!

मग परीक्षेत दखनी लिहावी का? नाही. उर्दूच्या उत्तरपत्रिकेत प्रमाण उर्दू आणि मराठीच्या उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लिहावी. ती मेहनत करून शिकावीच लागते. पण घरची बोली टाकून देऊ नका. जो मुलगा रोज 'नक्को' म्हणतो, त्याच्या घरात मराठी आधीच येऊन बसली आहे. तिला परकी समजू नका. आणि उद्या वर्गात कोणी "मैंच जातूँ" म्हणाला, तर हसू नका. त्या वाक्यातला मराठीचा 'च' त्याला दाखवा.

स्वाध्याय
१. दखनी बोलीवर मराठीचा प्रभाव दाखवणारी दोन उदाहरणे लिहा.
२. कवी वली दिल्लीला गेल्यामुळे काय घडले?
३. घरातील वडीलधाऱ्यांकडून दखनीतील पाच शब्द मिळवा. त्यांचे उर्दू व मराठी प्रतिशब्द लिहा.