केळीची साल आणि पाण्यातले शिसे

आमच्यापैकी बरेच जण दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारे; रसायनशास्त्र इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात सुटले ते सुटलेच. पण पाण्याच्या कामाला देणगी द्यायची तर थोडे शास्त्र ठाऊक असलेले बरे. म्हणून हा छोटासा पाठ.

"पाणी उकळून प्या" हे आपण लहानपणापासून ऐकतो. उकळल्याने जंतू मरतात, शिसे मात्र जात नाही. उलट पाणी आटते आणि शिसे तेवढेच उरते. त्याला ना रंग, ना वास. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. लहान मुलांच्या मेंदूला त्याहून कमी शिसेही अपाय करते.

इथे केळीची साल कामाला येते. सालीत पेक्टिन आणि सेल्युलोज असते. पेक्टिनमधल्या कार्बॉक्सिल गटांवर पाण्यात ऋणभार येतो. शिसे, तांबे यांचे आयन धनभारित, म्हणून ते सालीला चिकटतात. याला अधिशोषण म्हणतात. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयन त्या जागा पटकावतात आणि शिसे पाण्यातच राहते. याच गुणामुळे वापरलेली साल आम्लाने धुऊन पुन्हा वापरता येते. ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी पाराना नदीच्या पाण्यावर केलेले असे प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाले. वाळवून बारीक केलेली तीच साल 11 वेळा वापरता आली. भाताचे तूस, उसाची चिपाडे, नारळाचा काथ्या यांवरही असे काम झाले आहे.

म्हणून घरी बाटलीत साल टाकायची का? मुळीच नाही! कच्च्या सालीतून रंग आणि सेंद्रिय द्रव्ये पाण्यात उतरतात, त्यावर जंतू वाढतात. शिवाय सगळे धातू सारखे नसतात. बंगालमधल्या विहिरींत सापडणारे आर्सेनिक पाण्यात धनभारित नसतेच, त्यामुळे तिथे नुसत्या सालीचा भरवसा धरता येत नाही. आणि शिसे शोषलेली साल खतात टाकली तर तेच शिसे परत मातीत जाते.

तेव्हा पाण्याच्या कुठल्याही योजनेला मदत करताना तीन गोष्टी जरूर विचारा. पाणी प्रयोगशाळेत तपासले का, आणि त्यात नेमका कोणता धातू निघाला? गाळलेले पाणी पुन्हा कधी तपासणार? वापरून झालेला माल कुठे जाणार? उत्तरे नीट मिळाली, की पावती खुशाल फाडा!