रोशा गवत, सेंद्रिय खत आणि तेलाचा हिशेब

अत्तर व साबणाच्या धंद्यात रोशा गवताच्या तेलाचे नाव जुने आहे. १९व्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई. तेथून ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. माल हिंदुस्थानचा, पण युरोपात नाव पडले तुर्की तेल! खानदेशच्या डोंगरांत हे गवत आपोआप उगवते. आता त्याची लागवडही होते. आम्ही कापडाचे व्यापारी, परंतु आमच्या दुकानी येणारे शेतकरी विचारतात की, शेणखत, गांडूळखत घातल्याने तेल वाढते काय? यात पैसा गुंतवणाऱ्याने उत्तर नीट समजून घ्यावे.

बियाणे आधी, खत नंतर

रोशाच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्या. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल हा गुलाबासारख्या वासाचा घटक साधारण ७५ ते ९० टक्के असतो. भाव त्याचाच मिळतो. सोफियात तो बराच कमी असतो. कितीही खत घातले तरी सोफियाचा मोतिया होत नाही. म्हणून बियाणे खात्रीचे घ्यावे. लखनौच्या 'सीमॅप' या सरकारी संस्थेचे तृष्णा, तृप्ता हे वाण प्रसिद्ध आहेत.

खताने काय वाढते?

सेंद्रिय खताने जमीन भुसभुशीत होते, ओल टिकते आणि नत्र हळूहळू मिळते. फुटवे व पाला वाढतो. म्हणजे मुख्यतः गवताचे वजन वाढते. गवतातील तेलाचा टक्का सहसा फारसा हलत नाही. उदाहरणासाठी असे धरा की, एकरी ८ टन हिरवे गवत निघाले आणि तेल अर्धा टक्का उतरले, तर ४० किलो तेल मिळेल. खताने गवत १० टन झाले व टक्का तोच राहिला, तर ५० किलो. पण गवत १० टन होऊन टक्का ०.४ वर घसरला, तर पुन्हा ४० किलोच! खताचा व कापणीचा खर्च मात्र अंगावर पडला. म्हणून नुसते हिरवे शेत पाहून खूश होऊ नये. गवत सुकवून मग वजन केले तर टक्का फुगलेला दिसतो, हेही ध्यानात ठेवावे. तुलना नेहमी एकरी किलो तेलाची करावी.

टक्का मुख्यतः कापणीच्या वेळेवर ठरतो. तेल फुलोऱ्यात व पानांत असते, दांड्यात फार थोडे. फुलोरा येऊन बी धरू लागले की कापावे.

कच्चे शेणखत घालू नये

शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते, म्हणजे १० टनांत सुमारे ५० किलो. तेही सगळे पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही. पहिल्या कापणीवर निराश होऊ नये. हे पीक एकदा लावले की काही वर्षे टिकते. खत मात्र पूर्ण कुजलेले हवे. कच्च्या खताने वाळवी लागते आणि तणाचे बी शेतात येते. ते तण गवताबरोबर भट्टीत गेले तर तेलाचा वास बिघडतो, आणि गिऱ्हाईक नाकानेच माल परत करते. भट्टीतून निघालेला चोथा फेकू नये. त्याचे कंपोस्ट, गांडूळखत होते व खताचा खर्च वाचतो.

प्रमाणपत्राशिवाय 'सेंद्रिय' नाही

शेणखत घातले म्हणून तेल 'सेंद्रिय' म्हणून निर्यात करता येत नाही. २००१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाप्रमाणे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी साधारण २ ते ३ वर्षे शेत रासायनिक खते व औषधे यांपासून मुक्त ठेवून नोंदी कराव्या लागतात. ही वर्षे भांडवलाच्या हिशेबात धरावीत.

आमचा सल्ला एवढाच. निम्म्या तुकड्यात सेंद्रिय खत घालावे, निम्म्यात नेहमीचे. दोन्हींचे गवत वेगळे तोलावे, वेगळे गाळावे, तेलाची प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि खर्च वजा करून पाहावे. वर्षभराची वही जे सांगेल, ते कोणताही खतविक्रेता सांगणार नाही.