बाळंतीण सांभाळा, बाळ सांभाळलं जाईल

पोरी, पहिल्या बाळंतपणाला तू मुंबईहून कापड्याला येते आहेस, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. आमच्या पिढीला हे सुईणीकडून आणि सासूकडून तोंडी मिळालं. पुढे नर्सबाई आणि आशाताईंनी त्यात भर घातली, काही चुकीचं होतं ते काढून टाकायला लावलं. जुनं किती ठेवायचं आणि किती सोडायचं यावरून घरोघरी वाद होतात. माझी कसोटी साधी आहे. ज्या रीतीने बाळंतिणीला विसावा, ऊब आणि पोटभर अन्न मिळतं ती ठेवायची. ज्या रीतीत बाळाच्या तोंडात, डोळ्यांत, कानात किंवा बेंबीवर काही घालायचं असतं ती सोडायची.

पावसात दिवस भरत असतील तर

आपलं गाव पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर. वर आंबेनळी घाट, पावसाळ्यात दरड कधी येईल याचा नेम नाही. २०२१ च्या जुलैत महाड शहर पाण्यात गेलं. महाड तालुक्यातलं तळिये, आपल्या पोलादपूर तालुक्यातलं केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळून माणसं गेली. अशा वेळी कळा सुरू झाल्या तर गाडी येणार कुठून? म्हणून जून ते सप्टेंबरात दिवस भरत असतील तर तारखेच्या पंधरा दिवस आधीच पोलादपूरला किंवा महाडला नातेवाइकांकडे जाऊन राहा. रुग्णवाहिकेचे १०८ आणि १०२ हे नंबर घरात सगळ्यांना पाठ हवेत, शिवाय गावातल्या एका गाडीवाल्याशीही बोलून ठेव. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं आणि जायची-यायची गाडी मोफत असते, आजारी बाळाला वर्षभर उपचारही मोफत मिळतात. त्यासाठी माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत सर्वांत वर ठेव. जुनी सुती लुगडी धुऊन, उन्हात वाळवून घे. लंगोट आणि दुपट्यांना त्यांच्यासारखं मऊ कापड नाही.

पहिला चीक

बाळ जन्मल्यावर तासाभरात त्याला छातीशी घे. सिझर झालं असलं तरी नर्सच्या मदतीने हे जमतं. पहिलं दूध पिवळसर आणि दाट असतं. तो चीक पिळून टाकायची रीत काही घरांत होती, ती मोडलेलीच बरी. रोगाशी लढायचं बळ बाळाला त्यातूनच मिळतं. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी चमचा-दीड चमचाच दूध घेतं, तेव्हा ‘दूधच नाही’ म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नकोस. जितकं पाजशील तितकं दूध वाढतं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाज.

पाजताना फक्त बोंडी बाळाच्या तोंडात देऊ नकोस. भोवतालच्या काळ्या भागाचाही बराचसा भाग तोंडात जायला हवा आणि हनुवटी छातीला टेकायला हवी. नाहीतर बोंड्या चिरतात आणि बाळही उपाशी राहतं. पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढ.

सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. पाणी नाही, साखरपाणी नाही, घुटी नाही, ग्राइपवॉटर नाही. उन्हाळ्यातसुद्धा दुधातलं पाणी बाळाला पुरतं. मध तर वर्षभर चाटवू नकोस. त्यात कधी एक जंतू असतो, त्याच्या विषाने तान्ह्या बाळाचं अंग लुळं पडू शकतं.

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून ओळखू नकोस, लंगोट मोज. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी झाली तर दूध पुरतं आहे. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दहाव्या हिश्शापर्यंतसुद्धा. दोन आठवड्यांत ते भरून येतं. मग रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढून पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट होतं.

न्हाणं, मालीश, धुरी

पहिला दिवस तरी बाळाला न्हाऊ घालू नका. नाळ पडेपर्यंत कोमट पाण्याने पुसून घेतलेलं पुरतं. बाळ अडीच किलोच्या आत असेल तर न्हाणीची अजिबात घाई नको. त्याला आईच्या उघड्या छातीवर, कपड्याच्या आत, तासन् तास ठेवा. हीच त्याची खरी ऊब. नाळेवर हळद, तेल, राख काही लावायचं नाही. कोरडी ठेवली की ती आपोआप गळते.

न्हाऊ घालणाऱ्या बाईला आधीच नम्रपणे सांग. मालीश हलक्या हाताने, खोबरेल तेलाने. नाक ओढायचं नाही, डोकं दाबून गोल करायचं नाही, कानात-नाकात तेल सोडायचं नाही. टाळूवर तेल चोळलं तर चालेल, पण दाब नको. तान्ह्या मुलाची किंवा मुलीची छाती कधी कधी फुगते, थोडं दूधही येतं. ते आईच्या अंगातल्या रसांमुळे. आपोआप ओसरतं. पिळलं तर तिथे पू होतो. काजळात शिसं असू शकतं, म्हणून डोळ्यांत घालू नका.

बाळंतिणीच्या कंबरेला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक चांगला. पण दारं लावून खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची नाही. बंद खोलीत निखाऱ्यांतून दिसणार नाही असा विषारी वायू साठतो. ओवा-वावडिंगाच्या धुराने बाळाची कोवळी छाती कोंडते. धुरी करायचीच असेल तर बाळ दुसऱ्या खोलीत हवं.

आपल्याकडे आषाढ-श्रावणात कपडे वाळत नाहीत. चुलीवर टांगलेल्या लंगोटाला धूर धरतो आणि दमट लंगोटाने बाळाच्या जांघा लाल होतात. पंख्याखाली सुकवून वर इस्त्री फिरव.

बाळंतिणीचं ताट

बाळाचे लाड करणारे पुष्कळ असतात, बाळंतिणीच्या ताटाकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. काही घरांत तिला पाणी मोजून देतात, नुसत्या तूपभातावर ठेवतात. पाजणाऱ्या बाईला नेहमीपेक्षा साधारण ६०० उष्मांक जास्त लागतात, म्हणजे आणखी एक भरपेट जेवणच. नाचणीची भाकरी, कुळथाचं कढण, शेपू-मेथीची भाजी, वरण, अंडं, सुकट, मासे, सगळं खा. अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, जेवणानंतर बाळंतशोप, ही आपली जुनी शिदोरी खरंच गुणाची आहे. अळिवात लोह आहे, नाचणीत कॅल्शियम आहे. प्रत्येक वेळी पाजायला बसताना तांब्याभर पाणी शेजारी हवं.

लोहाची रोज एक गोळी १८० दिवस घ्यायची, कॅल्शियमच्या रोज दोन. दोन्ही एका वेळी घेऊ नकोस आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नकोस, गोळी वाया जाते.

सव्वा महिना

बारसं, पाचवी, पाहुणे सगळं होऊ दे, पण सव्वा महिना हा तुझ्या विश्रांतीचा. गर्भपिशवी जागेवर यायला सहा आठवडे लागतात. अंगावरून आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळसर जातं आणि चार ते सहा आठवड्यांत थांबतं. विश्रांती म्हणजे खाटेला खिळणं नव्हे. घरात फिरत राहा, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. हंडा मात्र उचलू नकोस. पोट बांधायचं तर सैल बांध, सिझर असेल तर डॉक्टरांना विचारून.

तासाभरात पॅड किंवा घडी चिंब होणं, ताप, दुर्गंधी, एकाच पायाला सूज आणि दुखणं, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, धाप, यांतलं काहीही झालं तर रात्र असो वा पाऊस, दवाखाना गाठायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं. ते बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत जातं. त्यानंतरही मन उदास राहिलं, झोप उडाली, बाळ नकोसं वाटलं, तर तो बाहेरचा फेरा नाही, आजार आहे आणि तो बरा होतो. डॉक्टरांना सांग. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. जावयबापू नोकरीपायी मुंबईत असले तरी रोज फोन आणि जमेल तेवढी रजा हवीच. पाळी आली नाही तरी पुन्हा दिवस राहू शकतात, म्हणून सहा आठवड्यांच्या तपासणीला गेलीस की अंतर राखायचं साधन विचार. दोन मुलांत तीन वर्षं हवीत.

आशाताईची वाट

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला बघतात. यातल्या घरच्या भेटींमागे आपल्याच महाराष्ट्रातलं काम आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच बायांना तान्ह्या बाळाची निगा शिकवली. तिसऱ्या वर्षी तिथे नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०११ मध्ये ही पद्धत देशभर सुरू झाली. म्हणून आशाताई दारात आल्या की बाळ झोपलंय म्हणून परत पाठवू नका.

लस जन्मल्यावर, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. त्या दिवशी थोडा ताप येतो, घाबरायचं नाही. बाळाला पाठीवर झोपव. झोळीत घालायचं तर नाक-तोंड उघडं दिसायला हवं. सहा ते आठ आठवड्यांत बाळ तुझ्याकडे बघून हसतं, तीन-चार महिन्यांत मान धरतं. शेजारच्या बाळाशी तुलना करू नकोस, पण चौथा महिना संपला तरी मान धरत नसेल, हसत नसेल, आवाजाकडे वळत नसेल तर दाखव. त्याच्याशी सारखं बोल, गा. त्यानेही बाळ वाढतं.

दूध ओढत नाही, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, अंग तापलंय किंवा गार पडलंय, तळवे पिवळे, बेंबीतून पू, झटके, अशा बाळाला त्याच तासाला दवाखान्यात न्यायचं. बिब्ब्याचा किंवा तापल्या विळ्याचा डाग कुणी सुचवला तर त्याला उंबऱ्याबाहेर थांबवायचं.

आता एक शब्द घरातल्या थोरल्यांना. आई, सासू, आत्या, काकू, तुम्ही बाळ मांडीवर घ्या, म्हणजे ती दोन तास झोपेल. तिच्याआधी जेवायला बसू नका, तिचं ताट आधी वाढा. आणि मुलगी झाली म्हणून लाडवांत तूप कमी पडू देऊ नका.